वाकलेले हँडल आणि सरळ हँडल

सायकलच्या दुकानात अधूनमधून एक विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक येते. त्याच्याजवळ मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेली, ‘रेसिंग’ म्हणून घेतलेली सायकल असते. सायकल हलकी असते, पळतेही चांगली. पण अर्ध्या तासात मान आखडते, तळहात बधिर होतात आणि समोरचा रस्ता पाहण्यासाठी डोके सारखे वर उचलावे लागते. ‘हे काढा आणि साधे सरळ हँडल बसवून द्या,’ एवढीच त्याची मागणी असते. बऱ्याचदा दुकानदार किंवा मित्र त्याला सांगतात, ‘सवय होईल.’

ही मागणी किरकोळ वाटते. परंतु तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. सायकलवर माणसाने कसे बसावे, हात कोठे ठेवावेत, पाठ किती वाकवावी, हे कोणी आणि कशासाठी ठरवले? खाली वाकलेले हँडल हे ‘प्रगत’ आणि सरळ हँडल हे ‘साधे’, असे आपण मानतो ते बरोबर आहे काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना थोडे भौतिकशास्त्र, थोडे शरीरशास्त्र आणि बराचसा सामाजिक इतिहास यांची सांगड घालावी लागते. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींवरून हा सगळा विषय विद्यार्थ्यांपर्यंत नेता येतो, म्हणून त्याची येथे थोडी सविस्तर चर्चा करू.

हातांचा आधार

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम शहरातून कार्ल ड्राइस हा गृहस्थ एका लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पेडल नव्हते. जमिनीला पाय मारत ती पुढे ढकलायची होती. सुमारे १३ किलोमीटरचे अंतर त्याने तासाभराच्या आत काटले. या वाहनाला पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा होता. त्याशिवाय स्वाराच्या छातीसमोर गादी लावलेली एक आडवी फळी होती. तिच्यावर दोन्ही हात कोपरापासून टेकवून स्वार थोडा पुढे झुकत असे. म्हणजे दिशा बदलणे आणि शरीराला आधार देणे ही दोन कामे ड्राइसने वेगवेगळ्या भागांकडे सोपवली होती. पुढे ही दोन्ही कामे एकाच नळीवर येऊन पडली. हँडलचे बरेचसे प्रश्न या एकत्र येण्यातून निर्माण झाले आहेत.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल जोडलेल्या सायकली आल्या. पेडलच्या एका फेरीत जास्त अंतर जावे म्हणून पुढचे चाक मोठे होत गेले आणि १८७० नंतर ती प्रसिद्ध उंच चाकाची सायकल तयार झाली. तिच्यावर स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावर बसे. वाटेत दगड आला की सायकल थांबे आणि स्वार डोक्यावर पुढे आपटे. त्यातच हँडल मांड्यांच्या पुढे असल्याने पाय त्यात अडकत. यावर उपाय म्हणून ‘व्हॉटन’ नावाचे एक हँडल निघाले. ते मांड्यांच्या खालून, मागच्या बाजूने येई, त्यामुळे पडणारा स्वार निदान पायांवर उतरू शके. हँडलचा आकार त्या काळी वेगासाठी किंवा आरामासाठी बदलला जात नव्हता, तर जीव वाचवण्यासाठी बदलला जात होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल बाजारात आणली. दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती, ही आजच्या सायकलची रचना तिच्यापासून रूढ झाली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर बनवले. स्वार आता जमिनीजवळ आला, दोन चाकांच्या मध्ये बसला आणि पडण्याची भीती कमी झाली. मग प्रथमच असा प्रश्न विचारता आला की हात नेमके कोठे असावेत. त्याची दोन उत्तरे निघाली आणि दोघांच्या वाटा तेथून वेगळ्या झाल्या.

पहिली वाट : वाऱ्याशी झुंज

१८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकल शर्यतींचे वेड पसरले. शर्यतीतल्या स्वारांना अनुभवाने कळले होते की वाकून बसले की वेग वाढतो. त्यांच्या सायकलींवरची हँडले खाली वळू लागली. १८९९ मध्ये माँट्रियल येथे जागतिक विजेतेपद मिळवणारा कृष्णवर्णीय अमेरिकन स्वार मेजर टेलर याच्या छायाचित्रांत हँडल पुढे आणि खाली नेणारा एक जोडतुकडा दिसतो. आज त्याला आपण ‘स्टेम’ म्हणतो.

वाऱ्याचा अडथळा किती मोठा असतो याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. ३० जून १८९९ रोजी चार्ल्स मर्फी या अमेरिकन स्वाराने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रेल्वेच्या रुळांमध्ये फळ्या टाकून घेतल्या आणि धावत्या आगगाडीच्या मागे, तिच्या आडोशाला राहून, एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत पार केले. हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. तुलनेसाठी पाहा : १८९३ मध्ये आँरी देग्रांज याने पॅरिसमध्ये एकट्याने तासाभरात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. एक मैलाची धाव आणि तासाभराची धाव यांत फरक आहेच. तरीही वेगातील एवढ्या मोठ्या तफावतीचे मुख्य कारण एकच, आगगाडीने समोरची हवा बाजूला केली होती.

आता थोडे गणित करू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग, म्हणून ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की या कामासाठी आठपट शक्ती लागते. हा रोध स्वाराचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि त्याचा आकार यांवरही अवलंबून असतो. या दोन्हींचा एकत्रित परिणाम दाखवणारा आकडा ताठ बसलेल्या स्वारासाठी सुमारे ०.६० चौरस मीटर आणि खालचे हँडल धरून वाकलेल्या स्वारासाठी सुमारे ०.३५ चौरस मीटर धरू. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतली, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला हवा कापण्यासाठी ताठ बसलेल्या स्वाराला २०८ वॅट आणि वाकलेल्याला १२१ वॅट शक्ती लागते. फरक ८७ वॅटचा. शर्यतीत हा फरक प्रचंड आहे.

आता तेच गणित ताशी १५ किलोमीटर वेगाला करा. ताठ बसणाऱ्याला २६ वॅट, वाकलेल्याला १५ वॅट. फरक फक्त ११ वॅटचा. या वेगाला टायर रस्त्यावर दबल्यामुळे होणारा रोधच सुमारे २० वॅट खातो, आणि त्याला हँडलच्या आकाराशी काही देणेघेणे नाही.

हेच दुसऱ्या बाजूने मांडता येईल. सर्वसाधारण निरोगी माणूस बराच वेळ १०० वॅट शक्ती देऊ शकतो असे समजू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरले, तर सपाट रस्त्यावर तो ताठ बसून ताशी सुमारे २१ किलोमीटर आणि वाकून सुमारे २५ किलोमीटर वेगाने जाईल. शाळा सहा किलोमीटरवर असेल तर वाकून बसल्याने वाचणारा वेळ जेमतेम अडीच मिनिटांचा. वाटेत दोन सिग्नल लागले की तोही संपला. उलट ३०० वॅट देणारा शर्यतीचा स्वार वाकून बसल्याने एका तासात सुमारे सहा किलोमीटर पुढे जातो. दोघांच्या हातात एकच हँडल असले तरी त्याचे मोल दोघांना सारखे नाही.

दुसरी वाट : रोजच्या कामाची सायकल

शर्यतीच्या स्वारांची नक्कल रस्त्यावरच्या तरुणांनीही केली. नाक हँडलला टेकवून सुसाट जाणाऱ्या अशा स्वारांना इंग्रजीत ‘स्कॉर्चर’ म्हणत. १८९० च्या दशकातील वृत्तपत्रांनी त्यांची व्यंगचित्रे काढली आणि काही डॉक्टरांनी त्यांच्या पाठीला कायमचे कुबड येईल असे इशारे दिले. ही भीती अतिशयोक्त होती. पण वाकून बसणे सर्वांसाठी नाही, ही जाणीव तिच्यामागे होती.

कामावर जाणारे मजूर, पोस्टमन, डॉक्टर, शिक्षक यांच्यासाठी इंग्लंडमध्ये जी ‘रोडस्टर’ सायकल तयार झाली तिचे हँडल स्वाराकडे मागे वळलेले होते. इंग्लंडमध्ये त्याला ‘नॉर्थ रोड’ हँडल म्हणतात. त्याच्या मुठी शरीराच्या जवळ येतात, कोपरे सैल राहतात, पाठ ताठ राहते आणि नजर आपोआप रस्त्यावर पडते. शरीराचा भार बहुतांशी सीटवर येतो, म्हणून सीट रुंद, चामड्याची आणि खाली स्प्रिंग असलेली असते. हँडल, सीट आणि फ्रेम यांचा असा मेळ जाणीवपूर्वक घातलेला होता.

ही रोडस्टर ब्रिटिश काळात आपल्याकडे आली आणि येथेच रुळली. काळी, २८ इंची चाकांची, वायरऐवजी सळयांनी चालणाऱ्या ब्रेकची ही सायकल महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या वापरली. दुधाच्या किटल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, टपालाची पिशवी आणि पुढच्या नळीवर बसलेले मूल, एवढे सगळे तिच्या हँडलने पेलले. तिला कोणी ‘आधुनिक’ म्हटले नाही. तरीही, एका प्रश्नाचे ते विचारपूर्वक काढलेले उत्तर होते. प्रश्न होता, ताशी बारा-पंधरा किलोमीटर वेगाने, ओझ्यासकट, वर्षानुवर्षे सायकल कशी चालवता येईल?

नियमांनी ठरवलेली बैठक

वेग हवा तर आराम सोडावा लागतो, असे आतापर्यंतच्या विवेचनावरून वाटेल. ते पूर्ण खरे नाही. १९३० च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल मोशे याने पाठीवर रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल बनवली. तिच्यावर स्वार आरामखुर्चीत बसल्यासारखा बसे. हातांवर भार नाही, मानेला ताण नाही, आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळही कमी. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर या स्वाराने या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. त्याआधीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगने १९१४ मध्ये केला होता आणि एकोणीस वर्षे तो टिकून होता. फॉर हा काही पहिल्या दर्जाचा स्वार मानला जात नव्हता. त्यामुळे श्रेय यंत्राचे, असे सर्वांच्या लक्षात आले.

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेपुढे प्रश्न उभा राहिला : याला सायकल म्हणावे काय? १९३४ मध्ये संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की रेलून चालवायची सायकल स्पर्धेबाहेर पडली. शर्यत ही माणसांची असावी, यंत्रांची नव्हे, असा त्यामागचा विचार होता आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु परिणाम दूरगामी झाला. कारखानदार शर्यतीत जिंकणारी सायकल पाहून माल बनवतात. शर्यतीतून जी बैठक बाद झाली ती बाजारातूनही जवळजवळ नाहीशी झाली. वेगासाठी पाठ वाकवलीच पाहिजे, हे निसर्गाने जितके ठरवले तितकेच या नियमानेही ठरवले.

पुढेही हेच घडत राहिले. १९८९ च्या फ्रान्सच्या महाशर्यतीत, म्हणजे ‘टूर द फ्रान्स’मध्ये, शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा लॉराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या एकट्याने धावायच्या टप्प्यात लेमाँडने कोपरे टेकवायच्या गाद्या आणि पुढे आलेल्या दांड्या असलेले हँडल वापरले. फिन्याँकडे तसे हँडल नव्हते. लेमाँडने ५८ सेकंद भरून काढले आणि संपूर्ण शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. त्याच्या कोपरांखालच्या गाद्या पाहिल्या की ड्राइसच्या १८१७ मधल्या फळीची आठवण होते. हातांचा भार मनगटावर न घेता हाडांवर घ्यावा, ही कल्पना १७२ वर्षांनी परत आली. हे हँडल संघटनेने चालू दिले. पण १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने छातीखाली हात दुमडून तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विक्रम केला, तेव्हा त्याच्या बैठकीवर पुढच्याच वर्षी बंदी आली.

शर्यतीची सायकल घरोघरी

आता आपल्या गिऱ्हाइकाकडे वळू. त्याच्यासारख्या लाखो लोकांची अडचण प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसली ती १९७० च्या दशकातील अमेरिकेत.

त्याआधी अमेरिकेत सायकल ही मुख्यतः मुलांची वस्तू होती. १९७० नंतर व्यायामाची आवड, पर्यावरणाविषयीची जागृती आणि पुढे १९७३ च्या अखेरीचे तेलाचे संकट यांमुळे प्रौढ माणसे सायकलकडे वळली. १९७३ या एका वर्षात तेथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. प्रौढांसाठी म्हणून बाजारात जी सायकल मिळत होती ती प्रामुख्याने दहा गिअरची, वाकलेल्या हँडलची, युरोपातील शर्यतीच्या सायकलीच्या धर्तीची होती. गंमत अशी की त्यांपैकी श्विन कंपनीची ‘व्हर्सिटी’ ही अतिशय खपाची सायकल सुमारे १७ किलोग्रॅम वजनाची होती. शर्यतीच्या सायकलचा हलकेपणा तिच्यात नव्हता. तिची ताठर बैठक मात्र होती.

लोकांनी काय केले? बहुतेकांनी हँडलचा खालचा भाग कधी धरलाच नाही. ते वरच्या आडव्या नळीवर हात ठेवून सायकल चालवू लागले. पण ब्रेकचे खटके तर पुढच्या वळणावर होते. म्हणून कारखानदारांनी मूळ खटक्याला जोडून वरच्या नळीला समांतर असा एक जादा खटका दिला आणि त्याला ‘सुरक्षा खटका’ म्हटले. हा जादा खटका थोड्याच अंतरात नळीला टेकत असे, तो लवतही असे, त्यामुळे ब्रेक पुरेसा जोरात लागत नसे. काही जण तर हँडलच उलटे करून त्याची शिंगे वर काढत. ही खटपट म्हणजे लाखो लोकांनी दिलेला एक मूक अभिप्रायच होता. हँडल चुकीच्या कामासाठी दिले गेले आहे, असे ते सांगत होते. कारखान्यांनी त्यावर तात्पुरती मलमपट्टी केली आणि हँडल तसेच ठेवले. अनेक सायकली मग गॅरेजमध्ये धूळ खात पडल्या आणि ‘मला सायकल जमत नाही’ अशी मालकांनी स्वतःची समजूत करून घेतली.

खरा बदल वेगळ्याच ठिकाणाहून आला. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस या डोंगराच्या कच्च्या उतारांवरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली खाली पळवत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी त्याच परगण्यात पहिली शर्यत घेतली. अशा उतारावर वारा हा मुख्य शत्रू नसतो. खड्डे चुकवायला रुंद हँडल लागते, कारण तरफेची भुजा लांब असली की कमी जोरात चाक वळवता येते आणि धक्क्याने ते हातातून निसटत नाही. हात सतत ब्रेकवर असावे लागतात आणि नजर दूर असावी लागते. म्हणून त्यांनी सरळ, रुंद हँडल लावले आणि मोटरसायकलचे ब्रेक-खटके जोडले. १९७७ मध्ये त्यांच्यातील जो ब्रीझ याने अशा कामासाठी खास फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये ‘स्टंपजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली सायकल बाजारात आली. काही वर्षांतच अमेरिकेत या सायकलींनी वाकलेल्या हँडलच्या सायकलींना विक्रीत मागे टाकले. ज्यांनी त्या घेतल्या त्यांतील बहुसंख्य लोक कधी डोंगरावर गेले नाहीत. त्यांना हवी होती ती ताठ बैठक आणि हाताशी असलेला ब्रेक. या दोन गोष्टी त्यांच्या आजोबांच्या रोडस्टरमध्ये होत्याच.

तळहात का बधिर होतात?

येथे एक शरीरशास्त्रीय मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. ‘शर्यतीचे स्वार चार-पाच तास वाकून बसतात, मग आपल्यालाच त्रास का?’ असे पुष्कळ जण विचारतात. सरावाचा भाग आहेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. स्वार पेडल खाली दाबतो तेव्हा पेडलही त्याला वर ढकलते. जोरात पेडल मारणाऱ्या स्वाराचे धड या प्रतिक्रियेवर बऱ्याच अंशी तोलले जाते. संथ चालवणाऱ्याच्या पेडलवर तेवढा जोर नसतो. त्यामुळे पुढे झुकलेल्या धडाचा भार त्याच्या हातांवर येतो. म्हणजे वाकलेल्या हँडलपासून ज्याला फायदा कमी, त्यालाच त्रास जास्त. हा त्या माणसाच्या अंगातला कमकुवतपणा नाही.

हा भार तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर पडतो. तेथे मनगटाजवळच्या एका अरुंद मार्गातून अल्नर नावाची नस जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्युयाँ याने १८६१ मध्ये या मार्गाचे वर्णन केले. ही नस दबली की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. दुर्लक्ष केले तर बोटांची ताकदही कमी होते.

मात्र सरळ हँडल म्हणजे सर्व दुखण्यांवर रामबाण उपाय, असेही समजू नये. हात सैल सोडून उभे राहा. तळवे एकमेकांकडे वळलेले दिसतील. ही मनगटाची नैसर्गिक स्थिती. वाकलेल्या हँडलवर ती साधते, शिवाय हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात. अगदी सरळ हँडलवर तळवे जमिनीकडे वळवावे लागतात आणि जागा एकच असते. दोन तासांपेक्षा जास्त सायकल चालवणाऱ्यांना त्याचाही त्रास होतो. म्हणून थोडे मागे वळलेले हँडल, किंवा सरळ हँडलच्या टोकांना लावलेल्या उभ्या मुठी, हा मधला मार्ग पुष्कळांना मानवतो. लांबच्या प्रवासाला जाणारे अनुभवी लोक वाकलेले हँडलच ठेवतात, पण ते सीटच्या उंचीपर्यंत वर घेतात. तोही एक उत्तम उपाय आहे.

हँडल बदलताना

ज्यांना बदल करायचाच आहे त्यांनी काही गोष्टी तपासाव्यात. वाकलेल्या हँडलच्या नळीचा मुठीजवळचा व्यास २३.८ मिलिमीटर असतो आणि सरळ हँडलचा २२.२ मिलिमीटर. त्यामुळे जुने ब्रेक-खटके नव्या नळीवर बसत नाहीत, ते बदलावेच लागतात. स्टेममध्ये धरला जाणारा मधला भागही २५.४, २६.० किंवा ३१.८ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांचा असतो. मापात फरक असेल तर पत्र्याची चकती सारून काम भागवू नये. हँडल चालत्या सायकलवर फिरले तर अपघात ठरलेलाच.

सर्वांत मोठा धोका ब्रेकचा आहे. डोंगरी सायकलींवर १९९६ च्या सुमारास लांब भुजांचे ‘व्ही’ ब्रेक आले. त्यांना वायर जवळजवळ दुप्पट ओढावी लागते, म्हणून त्यांचे खटके जास्त वायर ओढणारे असतात. असा खटका शर्यतीच्या सायकलीच्या चिमट्यासारख्या ब्रेकला जोडला, तर तरफेच्या नियमानुसार वायर जास्त सरकते पण तिच्यावरचा ताण कमी होतो. हाताला ब्रेक कडक, घट्ट लागतो आणि नवख्याला तो उत्तम वाटतो. प्रत्यक्षात चाकावरचा दाब अपुरा असतो. म्हणून आपल्या ब्रेकच्या प्रकाराला जुळणारा खटका मागून घ्यावा.

गिअरचाही विचार करावा. १९७० च्या दशकातील सायकलींचे गिअर-खटके फ्रेमच्या खालच्या नळीवर असत. त्यांना हात लावावा लागत नाही. परंतु १९९० नंतर ब्रेक आणि गिअर एकाच खटक्यात असलेली रचना आली. तेथे दोन्ही बदलावे लागतात आणि खर्च वाढतो. शेवटी बैठक. वाकलेल्या हँडलवर हात स्टेमच्या आठ-दहा सेंटिमीटर पुढे असतात. सरळ हँडलवर ते तेवढे मागे येतात आणि धड ताठ होते. त्यामुळे भार सीटवर सरकतो. अरुंद सीट मग टोचू लागते, तीही बदलावी लागेल. जुन्या पद्धतीचे स्टेम वर घेताना त्यावर कोरलेली मर्यादा-खूण बाहेर दिसता कामा नये. आणि हे सर्व करण्यापूर्वी एक बिनखर्ची उपाय करून पाहावा : आहे तेच हँडल खुणेच्या मर्यादेत शक्य तितके वर घ्यावे. कित्येकांचे काम तेवढ्यावरच भागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

वजन करायचा एक घरगुती काटा घ्या. पुढचे चाक त्यावर आणि मागचे चाक तेवढ्याच उंचीच्या पाटावर ठेवा. दोघांनी सायकल फक्त तोलून धरायची. एका विद्यार्थ्याला तिच्यावर बसवून तो ताठ असताना आणि पुढे वाकलेला असताना पुढच्या चाकावरचे वजन नोंदवा. दुसरा प्रयोग असा : दोन्ही बैठकींची छायाचित्रे समोरून, सारख्याच अंतरावरून काढा, बाह्यरेषा आलेख-कागदावर उतरवा आणि चौकोन मोजून क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. तिसरा प्रयोग मोकळ्या मैदानावरच्या सौम्य उतारावर करता येईल. एकाच जागेवरून पेडल न मारता सायकल सोडायची आणि दोन्ही बैठकींत ती किती दूर जाते ते मोजायचे. उतार सौम्य असेल तर फरक इतका कमी येतो की मुले चकित होतात. वेग कमी असताना वारा फारसा बोलत नाही, हे घनाच्या नियमातून शिकवण्यापेक्षा असे दाखवलेले बरे.

या प्रयोगांनंतर एक चर्चा अवश्य घ्यावी. विद्यार्थ्यांना विचारावे, की शाळेतील कोणत्या वस्तू वापरणाऱ्याच्या शरीराला आणि कामाला जुळत नाहीत, आणि तरीही ‘सवय होईल’ असे आपल्याला सांगितले जाते? बाकाची उंची, दप्तराचे पट्टे, उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठीच बनवलेल्या कात्र्या, अशी यादी लवकर लांबते. प्रत्येक वस्तूबाबत ती मुळात कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी बनली हे शोधायला सांगावे. सरळ हँडल मागणारे गिऱ्हाईक नकळत हाच प्रश्न विचारत असते. त्याला उत्तर देताना दुकानदाराने पान्ह्याबरोबर एक साधी चौकशीही करावी : सायकल रोज किती अंतर, किती वेगाने आणि कशासाठी चालवता? हँडलचा आकार त्या उत्तरावरून ठरवावा.